उधारीवरचं ताट

माझ्या नोकरीत मी नोंदवह्या पुष्कळ तपासल्या. हजेरीची वही, वजनाची, आहारवाटपाची, गृहभेटींची. पण एखाद्या पाड्यावर पोषणाचं काम खरंच चाललंय की नाही हे कळायला वाण्याच्या उधारीच्या वहीइतकी उपयोगाची दुसरी वही मला भेटली नाही. अंगणवाडीच्या नावावर डाळ कधी गेली, तेल किती गेलं, शेवटचे पैसे कधी जमा झाले आणि आज किती थकलेत, हे सगळं तिच्यात असायचं. सेविकेच्या वहीत कधीकधी साहेबांना आवडेल ते लिहिलेलं असतं. वाण्याच्या वहीत तसं लिहून कुणाचाच फायदा नाही.

मी एकात्मिक बालविकास सेवा योजनेत मुख्यसेविका होते. पंचवीसेक अंगणवाड्यांचं एक बीट. त्यात फिरायचं, मुलांची वजनं पुन्हा करून पाहायची, सेविकांना शिकवायचं, त्यांच्या अडचणी वर कळवायच्या. नाशिक म्हटलं की लोकांना द्राक्षं, कांदा, गोदाकाठ आणि कुंभमेळा आठवतो. माझं नाशिक गिरणाऱ्यावरून वाघेऱ्याचा घाट ओलांडला की सुरू व्हायचं. हरसूल, त्यापुढे पेठ, वर सुरगाणा. कोकणा, महादेव कोळी, वारली लोकांची वस्ती. उताराची जमीन, नागली, वरई, भात, थोडा उडीद, थोडी खुरासणी. पाऊस असा की चार महिने अंगणवाडीच्या भिंती वाळत नाहीत, आणि मार्च लागला की बाया हंडे घेऊन दरीत उतरतात.

या भागात भूक वर्षभर सारखी नसते, हे मला पहिल्या एकदोन वर्षांतच कळलं. दसरा-दिवाळीला धान्य घरात येतं. शिमग्यापर्यंत कणगीत काहीतरी असतं. मग मजुरीवर भागतं. खरी ओढ लागते ती आषाढ-श्रावणात. कणगी रिकामी, आवणीची, म्हणजे भातलावणीची, कामं स्वतःच्याच शेतात म्हणून हातात मजुरी नाही, आणि काम मात्र वर्षातलं सगळ्यात जास्त. गरोदर बाईही गुडघाभर चिखलात वाकलेली असते. ‘पावसाळ्यात खायाचं वांधं असतं बाई,’ हे वाक्य मी प्रत्येक पाड्यावर ऐकलं. शहरातले लोक हल्ली रानभाज्यांच्या महोत्सवाला हौसेने जातात, चांगली गोष्ट आहे. पण कडूकंद सोलून, कापून, उकळून, वाहत्या पाण्यात ठेवून त्याचा कडूपणा घालवायला किती वेळ जातो हे मी पाहिलं आहे. एवढी मेहनत बाई हौस म्हणून करत नाही.

सरकारला हे माहीत नव्हतं असं नाही. आदिवासी विकास महामंडळाचं मुख्यालय नाशिकमध्येच आहे, १९७२ साली ते स्थापन झालं. पावसाळ्यात आदिवासींना सावकाराच्या दारी जावं लागू नये म्हणून खावटी कर्ज सुरू झालं, काही धान्यरूपात, काही रोख. खावटी म्हणजे खाण्यापुरतं. बीटमधल्या म्हाताऱ्या माणसांना योजनांची नावं विचारली तर बाकी काही आठवायचं नाही, खावटी आठवायची, कारण ती त्यांच्या पंचांगाला धरून होती. आमची अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ प्रकल्पांनी सुरू झाली. ती हळूहळू सगळीकडे पसरली. तरी १९९२ मध्ये आमच्या शेजारीच, जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत मुलं दगावली आणि राज्य हादरलं. पाठोपाठ मेळघाटच्या बातम्या आल्या. १९९५ मध्ये नवसंजीवनी योजना आली: आरोग्य, रेशन, रोजगार, पोषण हे सगळे विभाग पावसाळ्याआधी एकत्र बसतील अशी कल्पना. कागदावर ती आजही मला सगळ्यात शहाणी योजना वाटते.

अंगणवाडीतला आहार कोण शिजवणार, हा प्रश्न बरीच वर्षं चिघळला. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ च्या आदेशात ठेकेदारांना या कामातून दूर ठेवायला सांगितलं आणि गावातले बचतगट, महिला मंडळं यांच्याकडे ते गेलं पाहिजे अशी दिशा मिळाली. गटाने शिजवलेल्या खिचडीत आणि बाहेरून आलेल्या पाकिटात काय फरक असतो हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पाकिटातलं पीठ घरी नेलं की त्याचं काय व्हायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. शेळ्या धष्टपुष्ट व्हायच्या. गटाची खिचडी शिजते ती डोळ्यांदेखत, शिजवणारी बाई त्याच पाड्यातली, आणि करपली तर तिला सासूपासून सरपंचापर्यंत सगळे बोलतात. यापेक्षा कडक तपासणी कुठलाही अधिकारी करू शकणार नाही.

मग २०१५ च्या अखेरीला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आली. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसातून एक वेळचं चौरस जेवण, तेही अंगणवाडीत बसून गरम: भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, पालेभाजी, अंडं किंवा केळं, शेंगदाण्याची चिक्की किंवा नागलीचा लाडू. पुढे लहान मुलांसाठी अंडी-केळीही तिच्यात आली. माझ्या सगळ्या नोकरीत या योजनेइतकं समाधान कशाने दिलं नाही आणि या योजनेइतका तापही कशाने दिला नाही.

समाधान आधी सांगते. घरी बाई शेवटी जेवते, उरलं तर. अंगणवाडीत ती बसून जेवायची, कुणीतरी तिला वाढायचं. पहिल्या काही आठवड्यांत बाया अवघडून बसायच्या, पदर तोंडावर, अर्धी भाकरी लपवून घरच्या पोरासाठी बांधायच्या. अंडं तर हमखास पदरात जायचं. नियम असा की तिने तिथंच खायचं. मी तपासणीला गेले की सेविका माझ्याकडे चोरून बघायची, मी त्या गाठोड्याकडे बघायचे नाही. पुढे आमच्या एका मदतनीसबाईने स्वतःहून यावर उत्तर काढलं: गरोदर बाईच्या मागोमाग येणाऱ्या तिच्या थोरल्या पोराला बाजूला बसवून मूठभर भात आणि डाळ. बाईचं ताट मग तिच्याच पोटात जायचं. वहीत लाभार्थी एक, पंगतीत माणसं दोन. हिशेब तपासणारा माणूस याला घोळ म्हणेल. मी याला पोषण म्हणते.

काही महिन्यांनी बाया मोकळ्या झाल्या. जेवता जेवता कुणाला रक्त कमी आहे, कुणाचे पाय सुजलेत, कुणाला नवरा मारतो, हे सगळं निघायचं. आरोग्यसेविका आली की तिला फिरावं लागायचं नाही, सगळ्या एका जागी सापडायच्या. लोहाच्या गोळ्या ताटासोबतच दिल्या जायच्या. जेवणाच्या निमित्ताने जे जमलं ते कित्येक शिबिरांनी जमलं नव्हतं.

आता ताप. या योजनेचा निधी आहार समितीच्या बँक खात्यावर यायचा. समितीवर ग्रामपंचायतीची महिला सदस्य अध्यक्ष, दोन लाभार्थी माता आणि सचिव म्हणून सेविका. कल्पना उत्तम: पैसे थेट गावात, बायांच्या हातात. एका ताटाचा दर सुरुवातीला २२ रुपये होता, मग २५ झाला, पुढे ३५. एका अंगणवाडीत दहा माता धरल्या तर ३५ रुपयांनी महिन्याच्या पंचवीस दिवसांचे ८,७५० रुपये होतात. मुलांच्या आहाराचा दर २०१७ पासून माणशी दिवसाला ८ रुपये. तीस मुलांचे महिन्याला ६,००० रुपये. म्हणजे एका छोट्या पाड्यावरची चूल महिन्याला पंधरा हजारांच्या आसपास खाते. हा निधी वेळेवर यायचा तेव्हा काही प्रश्न नव्हता. पण तो कधी दोन महिन्यांनी यायचा, कधी चार महिन्यांनी. मार्चअखेरीला एकदम मोठी रक्कम यायची आणि ती लगेच खर्ची दाखवा असा निरोप यायचा. एप्रिल, मे, जून कोरडे. म्हणजे ऐन ज्या महिन्यांत कणगी रिकामी, त्याच महिन्यांत खातंही रिकामं. सरकारी वर्ष एप्रिलला सुरू होतं. नवीन वर्षाच्या तरतुदी मंजूर होऊन, वितरित होऊन, जिल्ह्यातून तालुक्यात आणि तालुक्यातून समितीच्या खात्यावर उतरेपर्यंत आवणी होऊन गेलेली असते.

या काळात चूल कशी पेटायची? वाण्याच्या भरवशावर. सेविका त्याच्याकडे जाऊन सांगायची, पैसे येतील. तो द्यायचा, कारण सेविका त्याच गावची, पळून जाणार कुठे. सरकार गावाच्या कार्यक्रमांना आधार देतं असं आपण अहवालात लिहितो. वर्षातले काही महिने मात्र ते गावच सरकारला उधार देत असतं, आणि त्या उधारीची जामीनदार असते तुटपुंज्या मानधनावरची सेविका. २०२३ मध्ये ते मानधन महिना दहा हजार झालं होतं. मदतनीसबाईंचं साडेपाच हजार. त्याआधी याहून कमी. ज्या बाईचं मानधन चुलीच्या खर्चाहून कमी होतं तिने चूल उधारीवर चालवायची, हे कुठल्या हिशेबात बसतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. काहींनी मंगळसूत्राची डोरली गहाण ठेवली, हे मला त्यांनी फार उशिरा सांगितलं.

शिवाय उधारीचा भाव वेगळा असतो. रोखीने डाळ घेतली तर एक भाव, खात्यावर मांडली तर किलोमागे काही रुपये जास्त. वाण्याला दोष देत नाही, त्याचाही माल नाशिकहून रोखीने येतो. पण त्यामुळे शासनाच्या ३५ रुपयांचं ताट प्रत्यक्षात तीसेक रुपयांचंच होतं. ही तूट कुठेतरी भरून निघावी लागते. आधी पालेभाजी जाते. मग चिक्कीचा तुकडा लहान होतो. हिवाळ्यात अंडं महाग झालं की अंड्याचे दिवस कमी होतात, केळं येतं. शेवटी डाळ पातळ होते. डाळ पाहून मी ओळखायचे की इथं किती महिन्यांचा निधी थकला आहे. निधीला उशीर झाल्याने योजना बंद पडत नाही, म्हणून वर कुणाला धक्का बसत नाही. कागदावर ताटांची संख्या तीच राहते. फक्त ताटातलं कमी होत जातं आणि ते मोजायला आमच्या कुठल्याच फॉर्ममध्ये रकाना नाही.

त्यात बँक. खातं हरसूल किंवा पेठसारख्या बाजारगावी. पैसे काढायला अध्यक्ष आणि सेविका, दोघींच्या सह्या. म्हणजे दोघींनी काळीपिवळी जीपने जायचं, भाडं खिशातून, अध्यक्षबाईची त्या दिवसाची मजुरी बुडाली. गेल्यावर कधी सर्व्हर डाऊन, कधी सही जुळत नाही. अंगठ्यावरून सहीवर नुकतीच आलेली बाई, तिची सही दर वेळी सारखी कशी येईल? माझ्या बीटमधल्या एका अध्यक्षबाईने मला सरळ विचारलं, ‘बाई, आमच्यावर भरवसा नाही तर समितीत घेतलं कशाला?’ मी तिला बँकेचे नियम समजावून सांगितले. तिचं समाधान झालं नाही, आणि ते होण्यासारखं नव्हतंही.

दुसरी अडचण वाटेवरची. दिवाळी झाली की पाडे रिकामे व्हायला लागतात. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव, ओझरच्या द्राक्षबागांवर लोक जातात. छाटणी, विरळणी, मग काढणी. गिरणाऱ्याला पहाटे मजुरांचा बाजार भरतो, तिथं पेठ-हरसूलसोबत जव्हार-मोखाड्याचे लोकही दिसतात. बागायतदार येतो, भाव ठरतो, गाड्या भरतात. कडेवरचं पोर आईसोबत गाडीत चढतं. अमृत आहार तिच्या गावाला लागू आहे, द्राक्षबागेला नाही. बागेजवळ अंगणवाडी असली तरी तिथल्या सेविकेच्या यादीत हे पोर नसतं. रेशनचा प्रश्न पुढे काही अंशी सुटला. दुसऱ्या राज्यात रेशन उचलण्याचा प्रयोग ऑगस्ट २०१९ मध्ये ज्या दोन जोड्यांपासून सुरू झाला त्यात महाराष्ट्र-गुजरात ही एक जोडी होती, आणि सीमेवरच्या सुरगाणा-पेठला ते सोयीचंच. पण तांदूळ-गव्हाची पोर्टेबिलिटी झाली म्हणून ताटाची झाली असं नाही. मुलाचं वजन दिवाळीला हिरव्या पट्ट्यात असायचं. होळीला मूल परत यायचं तेव्हा दंडाचा घेर पिवळ्यात उतरलेला. साडेबारा सेंटिमीटरच्या खाली पिवळा, साडेअकराच्या खाली लाल. दंडाला पट्टी गुंडाळताना आईचा चेहरा मी बघायचे नाही.

लाल पट्ट्यातल्या मुलांसाठी ग्राम बालविकास केंद्र उघडायचो. अंगणवाडीतच, दिवसातून पुष्कळ वेळा थोडं थोडं खायला, औषधं, वजनाची नोंद. हे केंद्र नीट चाललं की मूल डोळ्यांसमोर बदलतं. किरकिर थांबते, ते खेळण्याकडे हात करतं. राज्याने २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू केलं, त्यानंतरच्या काळात दोन वर्षांखालच्या मुलांमधलं खुजेपण सुमारे ३९ टक्क्यांवरून २०१२ च्या पाहणीत २४ टक्क्यांच्या आसपास आलं. म्हणजे सरकारने मनावर घेतलं की होतं. पुढे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या मुलांचं खुजेपण ३५ टक्क्यांजवळच घुटमळत राहिलं. वयोगट वेगळे आहेत, सरळ तुलना करता येत नाही. पण नंतर वेग मंदावला, हे पाहायला मला टक्केवारीची गरज पडली नाही.

कोरोनात मी नाशिक शहरातच अडकले होते, आणि तिथं शिवभोजनाच्या रांगा पाहिल्या. ही थाळी २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली: दोन पोळ्या, भाजी, वरण, भात, दहा रुपयांत. तेव्हाचे अन्न व नागरी पुरवठा मंत्री छगन भुजबळ हे येवल्याचे आमदार, त्यामुळे आमच्या जिल्ह्यात तिची चर्चा जरा जास्तच होती. टाळेबंदी लागली तशी थाळी पाच रुपयांवर आली, २०२१ मध्ये काही महिने फुकट झाली. परप्रांतीय मजूर, रुग्णांचे नातेवाईक, रिक्षावाले, कुणालाही आधार कार्ड न विचारता जेवायला मिळत होतं. एवढी एक गोष्ट फार मोठी होती. १९९५ च्या एक रुपयाच्या झुणका-भाकर केंद्रांची कित्येकांना आठवण झाली. पण एका केंद्रचालक बाईशी बोलले तर सूर ओळखीचा निघाला. शहरात दहा रुपयांच्या थाळीमागे शासन चाळीस रुपये द्यायचं, ते आधी खर्च केल्यावर. ‘गॅस, तेल, भाजी रोजची रोख, अनुदान येईल तेव्हा येईल.’ तिच्याकडे निदान स्वतःची खानावळ होती, दुसऱ्या गिऱ्हाइकांचा गल्ला होता. आमच्या सेविकेकडे काय असतं?

त्याच वर्षी, ९ सप्टेंबर २०२० ला, शासनाने बंद पडलेली खावटी अनुदान म्हणून पुन्हा देण्याचा निर्णय घेतला. कुटुंबामागे चार हजार, दोन हजार खात्यावर आणि दोन हजारांचं सामान: कडधान्यं, डाळी, तेल, साखर, मीठ. साडेअकरा लाखांवर कुटुंबांसाठी. निर्णय चांगला, पण झाला पावसाळा सरत आल्यावर, आणि किटं बऱ्याच गावांत पोचली तेव्हा पुढचा पावसाळा लागला होता. भुकेच्या कामात तारीख महत्त्वाची असते. रक्कम थोडी कमी असली तरी माणसं निभावून नेतात.

मला विचाराल तर नवीन योजना आता पुरे. आहेत त्याच खूप आहेत. दर वाढवले पाहिजेत, ८ रुपयांत आज काय येतं ते किराणा आणणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. पण दराच्याही आधी एक गोष्ट करता येईल आणि तिला जादा खर्च नाही: मृगाच्या आत, म्हणजे ७ जूनच्या आधी, प्रत्येक आहार समितीच्या खात्यावर चार महिन्यांचे पैसे आगाऊ जमा करायचे. हिशेब मागून घ्या, कडक घ्या, पण पैसे आधी द्या. दुसरं, नागली आणि उडीद गावातूनच घ्या. दिवाळीला हाच माल व्यापाऱ्याला स्वस्तात जातो आणि आषाढात तोच महाग होऊन परत येतो. ब्राझीलने २००९ मध्ये कायदाच केला की शालेय आहाराच्या केंद्रीय निधीतला किमान ३० टक्के वाटा छोट्या शेतकरी कुटुंबांकडून खरेदी करण्यावर खर्च व्हावा. १९७६ पासून आदिवासींच्या मालाच्या एकाधिकार खरेदीचा कायदा असलेल्या महाराष्ट्राला हे अवघड जायचं कारण नाही.

मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकर ॲपबद्दल मला सारखं विचारतात. मार्च २०२१ मध्ये ते आलं. माहिती भरण्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. टेकडीवर चढून रेंज शोधणाऱ्या सेविका मी पाहिल्या, त्यांनी ती माहिती रोजच्या रोज भरली. मुलाचं वजन त्याच दिवशी दिल्लीत दिसतं. मग समितीच्या खात्यात शिल्लक शून्य आहे, हेही त्याच दिवशी कुणालातरी दिसायला हवं. त्यासाठी त्याच पडद्यावर एक रकाना वाढवावा लागेल, इतकंच.

मी आता निवृत्त आहे, त्यामुळे कागद लिहिण्याची सवय राहिली आणि अधिकार गेला. म्हणून हे तुम्हाला सांगते. तुमचं गाव आदिवासी भागात असेल, किंवा तुमचं काम त्या भागाशी जोडलेलं असेल, तर १ मेच्या ग्रामसभेला जा. अंगणवाडीला रंग लावला का, पंखा आहे का, हे विचारू नका. उभं राहून एवढंच विचारा की आहार समितीच्या खात्यात आज किती रुपये आहेत आणि वाण्याचं किती देणं आहे. उत्तर ठरावात लिहून घ्या आणि त्याची नक्कल जिल्हा परिषदेला पाठवा. जूनला अजून वेळ असतो.